चाळिसाव्या दिवसाची अंघोळ

धुरीचा वास आधी आत आला, बाई मागाहून. ओवा, वावडिंग आणि वरून चिमूटभर ऊद. सुरेखा मान खाली घालून आधीच्या पोराच्या खोकल्याचं औषध लिहीत होती. सांगलीत मिरज रस्त्याला लागून असलेल्या तिच्या या दवाखान्याला वासांचं काही नवल नव्हतं. दूध ओकलेली झबली, ओली दुपटी, आयांच्या केसांतलं तेल, आणि वारा मार्केट यार्डाकडून सुटला की सगळ्यावर हळद. पण बाळंतिणीची धुरी इथे कधी येत नसे. बाळंतीण घरात असते. बाळाला दाखवायला सासू येते, नाहीतर नवरा. म्हणून तिचं पेन थांबलं, आणि का कोण जाणे, तिला एकदम एक अंधारी खोली दिसली. बाजेखाली शेगडी, दाराच्या फटीतून आलेली उन्हाची एक रेघ आणि त्या रेघेत सावकाश वर चढणारा धूर. ती खोली तिची स्वतःचीच होती, सम्मेद झाला तेव्हाची. चांगली शिकलेली डॉक्टर असून सव्वा महिना ती त्या खोलीत कानात कापूस घालून निमूट बसली होती, आणि बाहेर आज वार कोणता हेसुद्धा तिने कुणाला विचारलं नव्हतं.

तिने वर पाहिलं. समोरच्या बाईच्याही कानात कापूस होता. डोक्याला ओढणी घट्ट आवळलेली, भर एप्रिलात अंगात स्वेटर, छातीशी दुपट्यात गुंडाळलेला ओंजळभर जीव. पाठीमागे पाचेक वर्षांची मुलगी तिच्या स्वेटरचं टोक धरून उभी होती, मान जराशी तिरकी करून. मुलगी भिंतीवरच्या रंगीत सशांकडे बघत नव्हती, सुरेखाकडेही बघत नव्हती. ती फक्त ऐकत होती. तिला सुरेखाने तान्हेपणी पाहिलं होतं, दोन मुठींएवढी, आणि त्यानंतर वकिलाच्या फायलीतल्या फोटोत.

"मॅडम, मी शाहजादी. कडेगावची," बाई म्हणाली. जशी काही ओळख पटायची बाकी होती.

ओळख कशी नसेल? गेली तीन वर्षं हे नाव सुरेखाच्या घरात राहत होतं. जेवताना ताटाशी बसत होतं, देवळात तिच्याबरोबर प्रदक्षिणा घालत होतं. ग्राहक आयोगापुढे सुरेखाविरुद्ध जी तक्रार चालली होती तिच्यात ही बाई तक्रारदार होती, आणि ती मुलगी, सुमैरा, त्या तक्रारीचं कारण होती. सुमैरा सातव्या महिन्यातच जन्मली आणि याच दवाखान्याच्या माडीवर, काचपेटीत वाढली. अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे महिना भरायच्या आत तपासावे लागतात. आतल्या पडद्यावरच्या शिरा वेड्यावाकड्या वाढायला लागल्या असतील तर तेवढ्यातच त्यांना अडवता येतं. पुढे पडदा सुटतो आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही. सुमैरा तगली, दूध ओढायला लागली, घरी गेली. परत आली ती चाळिसाव्या दिवसाची अंघोळ उरकल्यावर, नवं झबलं घालून, डोळ्यांत काजळ भरून. दोन्ही डोळ्यांचा पडदा सुटलेला होता, नजर गेली होती. आम्हाला कुणी सांगितलं नाही, असं घरच्यांनी लिहून दिलं. सांगितलं होतं, असं सुरेखाने. एवढ्या दोन वाक्यांवर फायली जाड होत गेल्या होत्या.

विमा कंपनीने दिलेला वकील विश्वजित मोठा गोड बोलायचा. पहिल्याच भेटीत त्याने सांगून ठेवलं होतं, "मॅडम, त्या घरातलं कुणी दारात आलं, तर पाणी द्या, हसून बोला आणि दुसरीकडं पाठवा. हात लावायचा नाही, कागदावर एक अक्षर द्यायचं नाही. आणि 'चुकलं' हा शब्द तुमच्या तोंडून एकदा गेला, की विमा कंपनी हात वर करणार. मग दवाखाना गेला, वरचं घर गेलं, आणि मीही गेलो." एवढं बोलून तो हसला होता. त्याचे दात फार छान होते.

"बसा," सुरेखा म्हणाली. तिच्या आवाजाला ती स्वतःच दचकली. पूर्वी ती आयांना अगं-तुगं करायची. कुणाच्या पाठीवर थाप मारायची, कुणाला पोरासमोरच झापायची, आणि त्या बायकांना ते आवडायचं. नोटीस आली त्या आठवड्यापासून ती सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायला लागली होती. खेळणारी पोरं खुर्चीवर चढली तरी हसत नव्हती. खोकल्याच्या औषधालासुद्धा सह्या घ्यायची. माडीवरच्या खोलीला तिने कुलूप लावलं. काचपेट्यांवर पांढऱ्या चादरी टाकून ठेवल्या, लग्नघरात उरलेल्या सामानावर टाकतात तशा. सातव्या-आठव्या महिन्यातली पोरं आता अंकलीचा पूल ओलांडून कोल्हापूरकडे जात. त्यातली किती पोचत होती हे ती कुणाला विचारत नव्हती. मागच्या दिवाळीत साताऱ्यात डॉक्टरकी शिकणाऱ्या सम्मेदने फोन करून विचारलं, "आई, मी लहान मुलांचं घेऊ का पुढं?" तर ती फाडकन म्हणाली, "कातडीचं घे. केसांचं घे. म्हातारी माणसं घे. म्हाताऱ्यांच्या घरचे आपली समजूत आपणच घालून घेतात." लहानपणी तो माडीवर येऊन पेटीच्या काचेला नाक लावून उभा राहायचा, आणि काचेवर त्याच्या श्वासाचा गोल उमटायचा. तो गोल पुसताना सुरेखाला दर वेळी उगाच बरं वाटायचं.

"हा झिशान," शाहजादी सांगत होती. "हाबी सातव्यातच झाला. साताऱ्यात, माज्या म्हायेरी. तितं काचपेटीत ठिवलावता. घरी आणून थोडंच दिस झालं. तितल्या डॉक्टरनी, आवं पोरगीच हुती बारकी, तिनं मला आदी कानातला कापूस काडाय लावला. मग सांगितलं, महिना भरायच्या आत डोळं दाखवायचं. मग माज्याकडनं वदवून घेतलं. आज महिना भरतोय, मॅडम."

"तुम्ही अशा बाहेर कशा पडलात?"

"पडले." शाहजादीने ओठ मिटले, मग पुन्हा उघडले. "सासूबाई म्हनत्यात, चाळीस दिसाची अंघूळ झाल्याबिगार उंबरा वलांडायचा न्हाई. पोराला बाधतंय, बाईलाबी बाधतंय. सुमीच्या वक्ताला मी ऐकलं. ह्या टायमाला न्हाई ऐकलं. मामू घिऊन आलं मला वडापच्या जीपनं. भायेर बसल्यात. आत याला लाजत्यात."

मामू म्हणजे चांदसाहेब, तिचे सासरे. गाद्या भरणारे पिंजारी. सुमैराला घरी सोडलं त्या दिवशी काउंटरवर तेच उभे होते, हे सुरेखाला पक्कं आठवत होतं; त्यांच्या टोपीवर कापसाचा एक पुंजका चिकटलेला होता आणि बोलताना तो हलत होता. दुसरंही काहीतरी आठवत होतं. डोक्याला कापड बांधलेली एक बाई अर्धवट उघड्या दारात उभी आहे, आणि सुरेखा काही सांगते आहे, आणि ती बाई मान हलवते आहे. विश्वजितने कैफियतीत लिहिलं होतं, 'बाळाच्या आईस डोळ्यांच्या तपासणीचे महत्त्व समजावून सांगण्यात आले व तिने ते समजल्याचे मान हलवून दर्शविले.' ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती अडखळली होती. "असं झालं होतं का?" तिने विचारलं होतं. "तुम्ही आठवा की मॅडम," तो म्हणाला होता. मग ती आठवत गेली. रोज थोडं थोडं आठवलं. आधी मान हलली, मग कापड दिसलं, मग दार, मग दारातला उजेड. आता ते इतकं स्पष्ट झालं होतं की तिला त्या बाईचे मिटलेले ओठही दिसत.

"इथे नका," ती म्हणाली. "मिरजेला जा. मोठ्या ठिकाणी दाखवा. आमच्याकडे आता तसली लहान बाळं बघत नाहीत."

"कुणाला दावू तितं?"

नाव तिच्या जिभेवर होतं. वीरधवल. इवल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा बघायचं काम तो करायचा. आठवड्यातून एक दिवस कोल्हापूरहून येऊन जवळच्याच एका दवाखान्यात बसायचा, आणि तो दिवस आजचा होता. ऊन उतरलं की तो निघणार. पुन्हा यायचा तो पुढच्या आठवड्यात. हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं हीच पंचाईत होती. आज या बाळासाठी चिठ्ठीवर 'तातडीने डोळे तपासावेत' असं लिहिलं, की उद्या तोच कागद आयोगापुढे जाणार. आज कळलं, मग तेव्हा का नाही कळलं? विश्वजितचा आवाज तिच्या कानात इतका जवळून बोलत होता की तिला वाटलं आपल्याच कानात कापूस आहे आणि तो कापसाच्या आत बसला आहे.

"कुणालाही," ती म्हणाली.

शाहजादी उठली. तिने वाद घातला नाही, रडलीही नाही. दुपट्याचं टोक बाळाच्या तोंडावरून सारखं केलं, एवढंच. सुरेखाच्या मनात आलं, आता या दारापर्यंत जातील, दार लोटलं जाईल, मग दुसरं पोर आत येईल आणि त्याला साधा ताप असेल.

"अम्मी," सुमैराने विचारलं, "हातवाल्या बाई ह्याच व्हय?"

"चल गं."

"ह्याच का? खिडकीतनं हात घालणाऱ्या?"

शाहजादी ओशाळली. "आवं, मी सांगत असतीया तिला. तू काचंच्या पेटीत हुतीस, पेटीला दोन गोल खिडक्या हुत्या, आनी बाईंचा हात खिडकीतनं आत यायचा. रोज निजताना तीच गोष्ट लागती तिला." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तुमी म्हनाल, केस करती आनी दारात येती. केस येगळी हाय, मॅडम. हाताचा गुन येगळा. सुमी जगली ती तुमच्या हातानं. म्हून आले."

मुलीने हात पुढे केला होता, हवेतच, टेबलाच्या कडेच्या थोडा वर. ती वाट बघत होती. सुरेखाला वाटलं आपण अजून पेनच धरून आहोत, पण पेन केव्हाच खाली पडलं होतं. तिने हात दिला. सुमैराने तो उलटापालटा केला, बोटं चाचपली, अंगठीपाशी जरा थांबली, आणि मग अगदी जाणत्या माणसासारखी म्हणाली, "गार हाय."

गार होता खरा. पेटीत हात घालण्याआधी सुरेखा दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायची, कितीही घाई असली तरी. ती सवय तिच्या हातांना होती, तिला नव्हती. नंतर हात भात कालवतानासुद्धा आधी एकमेकांवर घासले जात आणि सम्मेद हसायचा. कधी थांबलं ते? माडीला कुलूप लागलं तेव्हाच की त्याही आधी, सह्या घेता घेता? आता तिचे तळवे आपणहून एकमेकांना भेटले आणि घासायला लागले. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"अर्जुना," तिने बाहेर हाक मारली. अर्जुना काउंटर सांभाळायची आणि मॅडमचा डबा, औषधं, लहर सगळंच सांभाळायची. "बाकीच्यांना उद्या बोलव. गाडीची किल्ली दे."

"आवं मॅडम, पर ह्या तर," अर्जुना म्हणाली, आणि पुढचं तिने डोळ्यांनीच विचारलं. "आनी डबा? दिस मावळाय आलाय. मग तुमी जैन मानसं जेवत न्हाईसा."

"राहू दे डबा."

फोनवर वीरधवल म्हणाला, "निघालोच होतो. गाडीत बसलोय."

"उतर," सुरेखा म्हणाली.

गाडीत पुढे चांदसाहेब बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवून. सीटवरून हात फिरवून आतला फोम त्यांनी सवयीने चाचपून पाहिला आणि हात मागे घेतला. मागे धुरीचा वास दाटला. काच खाली करावी असं सुरेखाला वाटलं नाही. संध्याकाळचं ऊन समोरून येत होतं, इतकं पिवळं की रस्ता, कुपवाडकडून सुटलेल्या कामगारांच्या मोटारसायकली, उसाच्या रसाचे गाडे सगळं त्यात वितळून एकच होत होतं. मग कुठेतरी तिला वाटायला लागलं की गाडी चालतच नाही. आपण बाजेवर पडलो आहोत, रेघ दारातून आत आली आहे, आणि बाहेर जग चाललं आहे ते आपल्याशिवाय. काय सुख होतं त्या खोलीत! कुणी काही विचारत नव्हतं. तू थंड पाणी पिऊ नकोस, तू उठू नकोस, तू दारात जाऊ नकोस. सासूबाई सांगत, आणि ती ऐकत होती. तिने मोठमोठी पुस्तकं वाचली होती, तरी ऐकत होती. कारण तिथे ती डॉक्टर नव्हती, नुसतं एक दमलेलं शरीर होती, आणि दमलेल्या शरीराला कुणीतरी दार लावून घेतलेलं हवं असतं. मग शाहजादीच्या घरचं दार तिला का नाही आठवलं? इतकी वर्षं या मुलखात पोरं बघितली. कुठल्या घरची बाई सव्वा महिना बसते, कुठल्या घरची चाळीस दिवस, हे तिच्या बोटांवर होतं. महिन्याच्या आत या, असं सांगताना त्या घराचा उंबरा तिला दिसायला हवा होता.

दवाखान्यात बाळाच्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो. तोवर दूध द्यायचं नसतं. आतल्या खोलीत पडदे ओढलेले, उजेड नव्हताच म्हटलं तरी चालेल. बाकावर एका टोकाला चांदसाहेबांच्या मांडीवर सुमैरा झोपली. दुसऱ्या टोकाला शाहजादी आणि सुरेखा, मध्ये झिशान. बाळ भुकेने ओठ चाटत होतं. अंधारात धुरीचा वास जास्तच जवळ आला.

"मॅडम, एक इचारू?"

"विचार."

"तवा मला का न्हाई वो सांगितलंसा?"

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो नव्हता म्हणून सुरेखाला पळून जावंसं वाटलं. तीन वर्षांत तिला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. वजन किती होतं, प्राणवायू किती दिला, कार्डावर लिहिलं होतं का, कुठल्या भाषेत लिहिलं होतं. एवढं साधं कुणी विचारलं नव्हतं. तिने तोंड उघडलं. समजावून सांगण्यात आले होते, हे वाक्य तिच्या घशात तयार होतं, विश्वजितच्या छान दातांसकट. आणि त्या वाक्याच्या मागे दारात ती बाई उभी होती, मान हलवत. सुरेखाने अंधारात त्या दारातल्या बाईकडे नीट पाहिलं. बऱ्याच दिवसांनी, न घाबरता पाहिलं. बाईच्या डोक्याला बांधलेलं कापड हिरवं होतं, जरीच्या काठाचं. ते सुरेखाच्या आईच्या जुन्या लुगड्यातून फाडलेलं कापड होतं. दार होतं ते तिच्याच सासरच्या खोलीचं. उंबऱ्याबाहेर सासूबाई उभ्या होत्या आणि आत ती स्वतः होती, तरुण, डोळ्यांखाली काळी, सगळ्याला मान हलवणारी. शाहजादी तिथे नव्हतीच. शाहजादी त्या दिवशी माडीवर पडद्याआड बसली होती, वाटीत दूध काढत. काउंटरवर चांदसाहेब एकटे होते, बाहेर वडापवाला हॉर्न वाजवत होता, फोन खणखणत होता, आणि सुरेखा दुसऱ्या पोराच्या सलाईनकडे धावता धावता मागे वळून म्हणाली होती, "आणि डोळे दाखवून घ्या हो महिन्याच्या आत." ते म्हणाले होते, "व्हय, व्हय." टोपीवरचा पुंजका हलला होता. मान हलली ती तेवढीच.

तिने बाळाचं दुपटं नुसतंच सारखं केलं. शाहजादीनेही पुन्हा विचारलं नाही. उत्तर मिळणार नाही हे धरूनच तिने विचारलं असावं.

मग वीरधवलने कपाळाला दिवा बांधला. बाळाला कापडात आवळलं, जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवला, पापण्या बारीक तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवल्या. बघवत नाही ते. "डोकं कोण धरणार?" तो म्हणाला, आणि सुरेखाने तळवे घासले आणि धरलं. संत्र्याएवढं डोकं. टाळूवर नाडी उडत होती, तिच्या बोटाला लागत होती. बाळ ओरडलं, एवढ्याशा देहात मावणार नाही असं ओरडलं, आणि तिच्या हातांना सगळं आठवलं. किती दाबायचं, कुठे सैल सोडायचं, श्वास अडला तर कुठे टिचकी मारायची. ती नुसती त्यांच्या मागोमाग गेली.

"उजवा बरा आहे," वीरधवल भिंगातून न हलता म्हणाला. "डावा धोक्यात आहे. आज सापडला म्हणून ठीक. पुढच्या आठवड्यात मी काही करू शकलो नसतो. लेझर आत्ताच करून टाकू. मात्र लहान मुलांचा डॉक्टर शेजारी लागेल, मध्येच श्वास थांबला तर. कागदावर नाव लागेल, सही लागेल." मग त्याने दिवा वर सरकवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "ही तीच माणसं ना? तू कशाला अडकतेस? मी कोल्हापूरहून कुणाला तरी बोलावतो."

"केव्हा येईल तो?"

"आज नाही येणार."

कागद पुढे आला. सुरेखाच्या पर्समध्ये फोन थरथरत होता. विश्वजित असेल, अर्जुनाने न राहवून कळवलं असेल. आपण हे एकदा केलं की आणखी काय काय करावं लागेल, ते तिला तिथेच, त्या अंधाऱ्या खोलीत दिसलं. माडी दिसली, वरचं घर दिसलं, त्यातली उजेडाची खिडकी दिसली. भीती वाटली. अगदी लहान पोराला वाटते तशी. तिने सही केली आणि पुन्हा हात घासायला लागली.

ते लांबत गेलं. एकदा झिशानचा श्वास थांबला. तिने त्याच्या पायाच्या तळव्यावर टिचकी मारली, एकदा, दोनदा, आणि तो रुसल्यासारखा पुन्हा श्वास घ्यायला लागला. बाहेर दिवस मावळून गेला. अर्जुनाचा डबा आता सकाळपर्यंत तसाच राहणार होता, आणि भूक मात्र कडकडून लागली होती. तशी भूक तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

सगळं झाल्यावर बाळ पदराखाली गेलं आणि चुटुचुटु ओढायला लागलं. दवाखान्याच्या पायरीवर दोघी बसल्या होत्या. चांदसाहेब वडाप शोधायला कोपऱ्यावर गेले होते. सुमैरा जागी झाली होती आणि भावाच्या पायाचं बोट धरून होती.

"डावा डोळा वाचेल असं वाटतंय," सुरेखा म्हणाली. "अजून दोनदा दाखवायला लागेल. मी येईन बरोबर."

शाहजादीने मान डोलावली. रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, आवाज विरेपर्यंत ती थांबली. "मॅडम, सांगून ठिवते. केस मी मागं घ्यायची न्हाई. तुमी आज येवढं केलंसा, तरी बी न्हाई. माज्या मागनं सुमीला कोन हाय? तिला जल्मभर पुरंल असं कायतरी पायजे."

"घेऊ नकोस," सुरेखा म्हणाली.

"मग तितं तुमी काय सांगनार?"

हवेत गारवा आला होता. शाहजादीने ओढणी कानांवरून अजून घट्ट ओढली. सुरेखा समोरच्या दिव्याकडे बघत, स्वतःशी बोलावं तशी, हळू म्हणाली, "तू काउंटरवर नव्हतीस. तुला मी सांगितलं नाही. मी घाईत होते, मामूंना जाता जाता म्हणाले, आणि सांगितलं असं समजले. माझं चुकलं."

शाहजादी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने बाळाला डाव्या हातावर घेतलं, उजव्या हाताने ओढणी सैल केली, आणि आधी एका कानातला, मग दुसऱ्या कानातला कापूस काढला. चाळिसावा अजून लांब होता. दोन्ही बोळे तिने मुठीत धरले.

"आता सांगा," ती म्हणाली.

सुरेखाने पुन्हा सांगितलं.